घरचा लादीपाव: सगळा खेळ पिठाच्या तापमानाचा

पाव दगडासारखा झाला की पहिला आळ यीस्टवर येतो. आंबूस वास आला, वरून सुरकुतला, मधे खचला, तरी यीस्टच बदनाम. यीस्ट मेलेलं असतं कधीकधी, नाही असं नाही. पण मुदत न संपलेल्या, नीट ठेवलेल्या पाकिटातलं यीस्ट सहसा आपलं काम चोख करतं. बिघाड होतो तो पिठाच्या तापमानात आणि पाण्याच्या मापात. ‘झाकून एक तास ठेवा’ ही सूचना बहुतेक पाककृतींमध्ये थंड देशांतल्या स्वयंपाकघरांतून आलेली आहे. मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या ओट्यावर तासाभरात पीठ दुप्पट होऊन, त्याही पुढे जाऊन, खाली बसायला लागतं. जानेवारीत नाशिकला तेच पीठ तासाभरात जेमतेम हललेलं असतं.

आधी मापं. आठ इंची चौकोनी, दोन इंच खोल डब्यात नऊ पाव बसतात, त्यासाठी: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १३० ग्रॅम, दूध ६५ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम (सपाट एक चहाचा चमचा), लोणी १८ ग्रॅम. वाटीनं मोजू नका. वाटी दाबून भरली की भुरभुरून भरली एवढ्यावर मैद्यात पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढ्यानं पीठ सैलाचं घट्ट होतं. साधा डिजिटल काटा हे या कामातलं सगळ्यात उपयोगी अवजार, ओव्हनपेक्षाही. द्रवसुद्धा काट्यावरच मोजायचे.

दूध उकळून गार केलेलं हवं. न तापवलेल्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेनला, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनांच्या जाळीला, सैल करतात, उकळल्यावर तो त्रास जातो. आपल्या घरात दूध तापवलेलंच असतं, त्यामुळे हा मुद्दा आपोआप सुटतो. साय मात्र काढून घ्या.

आता तापमान. मळून झालेल्या पिठाच्या गोळ्याचं तापमान २६ अंशांच्या आसपास यायला हवं. मैद्याचं तापमान आपल्या हातात नसतं, खोलीचंही नसतं. हातात असतं ते फक्त पाण्याचं. म्हणून बेकरीवाले साधं गणित करतात: खोली, मैदा आणि द्रव अशी तीन तापमानं, म्हणून २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान वजा, मैद्याचं वजा, आणि हातानं मळताना घर्षणानं येणारे दोनेक अंश वजा. उरेल ते द्रवाचं तापमान. मे महिन्यात खोली ३४, मैदाही ३४ असेल तर ७८ – ३४ – ३४ – २ = ८ अंश, म्हणजे सरळ फ्रिजमधलं पाणी आणि फ्रिजमधलं दूध. पुण्यातल्या थंडीत खोली आणि मैदा दोन्ही २० असले तर ३६ अंश, म्हणजे हाताला जेमतेम कोमट. मळायला यंत्र वापरत असाल तर घर्षणाचे दोनऐवजी दहाबारा अंश धरा. उन्हाळ्यात मग पाण्यात बर्फच घालावा लागतो. यासाठी सळईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो. तो पुढे पाव भाजला की नाही हे पाहायलाही कामी येतो.

‘कोमट पाण्यात यीस्ट फुलवा’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, त्यामुळे फ्रिजचं पाणी ऐकून दचकायला होतं. फुलवण्याची गरज असते ती जाड दाण्यांच्या अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्टला. ते इन्स्टंटच्या सव्वापट, म्हणजे पावणेचार ग्रॅम घ्या. एकूण पाण्यातलं ४० ग्रॅम पाणी ३८ ते ४० अंशांवर आणून, चिमूटभर साखर घालून त्यात ते दहा मिनिटं भिजवा, बाकीचं पाणी गणितानुसार गार. बारीक दाण्यांचं इन्स्टंट यीस्ट कोरड्या मैद्यातच मिसळायचं. ते थेट बर्फाळ पाण्यात टाकलं तर मात्र दुखावतं, म्हणून आधी मैद्यात नीट कालवून मगच गार पाणी ओता. बेकरीतून ताज्या यीस्टचा ठोकळा मिळाला तर इन्स्टंटच्या तिप्पट वजन धरा, ९ ग्रॅम. कडकडीत पाण्याचा धोका खरा आहे: पन्नास-पंचावन्न अंशांपुढे यीस्ट मरायला लागतं. (गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेनं, म्हणजे माडीनं, पीठ आंबवायचे. त्या पावाची चव वेगळी असायची, पण रोज एकसारखी सूर मिळवणं हे घरच्याचं काम नव्हे.)

यीस्टचा संशयच असेल तर मैदा वाया घालवण्याआधी तपासा: अर्धा पेला कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा-पंधरा मिनिटांत वर फेसाचा जाड थर यायला हवा. चार बुडबुडे म्हणजे फेस नव्हे. पाकीट फोडल्यावर उरलेलं यीस्ट घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीझरमध्ये ठेवा. पावसाळ्यात मसाल्याच्या कपाटात उघडं पाकीट ठेवलं तर ते दमट होऊन लवकर निकामी होतं.

मैदा, साखर, यीस्ट एकत्र करा, पाणी-दूध ओता, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा आणि वीस मिनिटं झाकून सोडून द्या. ही वीस मिनिटं चुकवू नका. मैदा पाणी पितो, ग्लुटेन आपोआप जुळायला लागतं आणि मळण्याचं अर्धं काम वाचतं. मग मीठ घाला आणि मळायला घ्या. सुरुवातीला पीठ हाताला, ओट्याला, सगळीकडे चिकटतं. इथेच बहुतेक पाव बिघडतात, कारण पोळीची कणीक मळणारा हात सवयीनं कोरडं पीठ मागतो. देऊ नका. पावाचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल हवं. तळव्याच्या टाचेनं पुढे रेटायचं, घडी घालायची, चौथाई फेरा फिरवायचं, पुन्हा रेटायचं. पाच-सहा मिनिटांनी चिकटपणा कमी होतो, पृष्ठभाग गुळगुळीत व्हायला लागतो. मग मऊ लोणी दोन-तीन हप्त्यांत घाला. पीठ एकदम फाटल्यासारखं, घसरडं होईल. घाबरू नका, तीन-चार मिनिटांत ते लोणी पिऊन घेतं. लोणी आधीच घातलं तर मैद्याच्या कणांना तूपकट लेप बसून ग्लुटेन जुळायला वेळ लागतो.

झालं की नाही हे पाहायला लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. उजेडासमोर धरल्यावर बोटांची सावली दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता निघाला पाहिजे. कडा दातेरी होऊन फाटला तर आणखी दोन-तीन मिनिटं. आपल्याकडच्या मैद्यात प्रथिनांचं प्रमाण ब्रँडनुसार बदलतं. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममागे प्रथिनं छापलेली असतात, ११ च्या जवळ असलेला मैदा पावाला चांगला. नऊ-साडेनऊचा असेल तर पाण्यातलं १० ते १५ ग्रॅम हातचं राखून ठेवा, लागलं तरच घाला. पावसाळ्यात मैद्यानं हवेतली ओल आधीच घेतलेली असते, तेव्हाही तसंच.

आता गोळा तेल लावलेल्या भांड्यात झाकून ठेवायचा, दुप्पट होईपर्यंत. २६-२७ अंशांना याला साधारण तासभर, ३४ ला पाऊण तासाहून कमी. पण गोल पातेल्यात ‘दुप्पट’ डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पिठातला ३० ग्रॅमचा गोळा काढून सरळ भिंतीच्या छोट्या काचेच्या पेल्यात दाबून बसवा, त्याच्या पातळीवर रबरबँड लावा आणि पेला पातेल्याला खेटून ठेवा. पेल्यातलं पीठ रबरबँडच्या उंचीच्या दुप्पट झालं की मोठंही झालं. छोटा गोळा खोलीच्या हवेनं लवकर तापतो किंवा गार होतो, म्हणून पेला खिडकीत किंवा पंख्याखाली नको.

उष्णतेत पीठ भराभर फुगलं तर बिघडतं काय? वायू ग्लुटेनच्या ताकदीपेक्षा वेगानं सुटतो, जाळी ताणून फाटते, ओव्हनमध्ये गेल्यावर पाव वर यायच्या ऐवजी बसतो. शिवाय यीस्ट पिठातली साखर खाऊन टाकतं, मग भाजताना वर रंग चढत नाही आणि वासही दारूसारखा येतो. पांढराफटक, आंबूस, सुरकुतलेला पाव म्हणजे यीस्ट कमी नव्हे, वेळ जास्त. उलट घट्ट, रबरासारखा, वरच्या सालीखाली एक मोठी पोकळी असलेला पाव म्हणजे वेळ कमी. पहिल्या फुगवणीत हाताबाहेर गेलेलं पीठ वाचवता येतं: हवा काढा, पुन्हा गोळा करा, लगेच पाव वळा. दुसऱ्या फुगवणीत हाताबाहेर गेलं तर डब्यातून काढून पुन्हा वळायचे. पाव खाण्याजोगे होतात, पण चवीला फिकेच.

पीठ हलक्या हातानं दाबून नऊ भाग करा, प्रत्येकी ५८ ग्रॅम. पेल्यातला गोळाही परत त्यात घाला. कडा मधे दुमडून चिमटा, शिवण खाली ठेवा आणि तळवा वाटीसारखा करून कोरड्या ओट्यावर गोल फिरवा. ओट्यावर पीठ भुरभुरलं तर गोळा नुसता घसरतो, साल ताणली जात नाही. जरासं चिकटणं हवंच. लोणी लावलेल्या डब्यात तीन ओळींत, मधे बोटभर जागा सोडून ठेवा. फुगून ते एकमेकांना भिडले की बाजू मऊ राहतात, लादीला लादीपण येतं ते त्यामुळेच. सुटे-सुटे भाजले तर चारी बाजूंनी साल येऊन बनपाव होतो.

दुसऱ्यांदा फुगायला गारव्यात पाऊण तास, उकाड्यात पंचवीस-तीस मिनिटं. पिठाचं बोट हळूच टोचा: खळगा झटकन भरून आला तर थांबा, सावकाश अर्धवट भरला तर तयार, तसाच राहिला तर उशीर झालाय, ताबडतोब भाजा. ओव्हन निम्म्या वेळातच लावून ठेवा. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २०० अंशांवर, वरच्या-खालच्या दोन्ही सळया, किमान पंधरा मिनिटं. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका, वीस-पंचवीस अंशांची तफावत सर्रास असते. आत टांगायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घ्या. वर दुधाचा हात फिरवून डबा मधल्याच्या खालच्या कप्प्यात १८ ते २० मिनिटं. वरून लवकर लाल झाले तर फॉईल झाका. मधल्या पावात थर्मामीटर खुपसला की ९२ ते ९५ अंश दाखवायला हवेत. मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन मोड (गरम हवेनं भाजण्याची सोय) चालतो, नुसत्या मायक्रोवेव्हवर पाव उकडल्यासारखा होऊन गार झाल्यावर चामडं होतो. कुकरमध्ये शिट्टी-रिंग काढून, तळाला मिठाचा थर देऊन, दहा मिनिटं तापवून मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटांत भाजून निघतो, पण वर रंग येत नाही. तव्यावर उलटा करून घ्या.

बाहेर काढल्या-काढल्या लोणी लावा, दमट सुती फडका दहा मिनिटं झाका, मग डब्यातून काढून जाळीवर ठेवा. डब्यातच राहिले तर वाफेनं तळ ओला, गिचका होतो. गरम पाव सुरीनं कापायचा मोह आवरा, आतला लगदा अजून बसायचा असतो.

कणकेचा पाव करायचा तर सुरुवात निम्म्या-निम्म्यानं करा: १५० मैदा, १५० गव्हाचं पीठ, आणि पाणी तीसेक ग्रॅम जास्त, कारण कोंडा पाणी शोषतो. कोंड्याचे धारदार कण ग्लुटेनची जाळी कापतात, म्हणून मैद्याइतका हलका पाव होणार नाही. भिजवून ठेवण्याचा वेळ वीसऐवजी चाळीस मिनिटं धरा. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं, ते पूर्ण निवल्याशिवाय वापरलं तर वरचं सगळं तापमानाचं गणित फुकट. खपली गव्हाचं पीठ पौष्टिक म्हणून घालायचा मोह होतो, पण त्याचं ग्लुटेन कमजोर. पाचवा हिस्सा घाला, सगळंच घातलंत तर पसरट भाकर होईल.

बेकरीचा पाव चार दिवस मऊ राहतो तो तिथल्या सुधारकांमुळे (पिठाचा गुण सुधारणारी द्रव्यं) आणि परिरक्षकांमुळे (पाव टिकवणारी द्रव्यं). यातलं पोटॅशियम ब्रोमेट भारतात २०१६ पासून बंद आहे, बाकीचे परवानगीनं वापरले जातात. घरचा पाव दोन दिवसांचा. पावसाळ्यात त्याआधीच आत चिकट तारा सुटून उतरलेल्या अननसासारखा वास येऊ शकतो. मैद्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू भाजूनही मरत नाहीत, दमट उकाड्यात ते वाढतात. असा पाव टाकून द्या आणि पुढच्या वेळी द्रवात चहाचा चमचाभर व्हिनेगर घाला, आंबटपणा त्यांना मानवत नाही. डबा आणि सुरीही व्हिनेगरनं पुसून घ्या. फ्रिजमध्ये ठेवून पाव वाचत नाही: दोन-चार अंशांवर त्यातला स्टार्च सगळ्यात वेगानं घट्ट होतो, पाव कोरडा पडतो. उरलेली लादी त्याच दिवशी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं. मिसळ गरम होईपर्यंत पाव मऊ झालेला असतो.