एका दिवसाच्या सहा सुया

रविवारी संध्याकाळी धारवाडच्या बसला निघण्याआधी माझी लेक छत्तीस सुया ओवून ठेवते. जुन्या अभ्र्यात कापूस भरून केलेल्या लहानशा गाद्या आहेत, एकेका गादीवर सहा-सहा सुया ओळीनं टोचलेल्या. प्रत्येक सुईत हातभर दोरा. सोमवार ते शनिवार, रोज एक गादी काढायची आणि तेवढंच शिवायचं. सहा दोरे संपले की वाकळ, म्हणजे गोधडी, बाजूला. हातात अजून जोर आहे असं वाटलं तरीही बाजूला, आणि खरं तर तेव्हाच.

हे मला शिकायला दीड-दोन वर्षं लागली. माझ्यासारखी संधिवाताची बोटं घेऊन कुणी हे वाचत असेल, तर तिच्यासाठी लिहितेय.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आजूबाजूला मागावर कापड विणणाऱ्यांची घरं, दिवसभर खडखडाट. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते. माझे मालक, म्हणजे नवरा, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर काम करतात. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आणि लेक. २०१८ च्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवता येईना, तिथून सुरुवात झाली. आधी वाटलं, कामाचा ताण. मग दोन्ही हातांची तीच तीच बोटं, मुठीच्या उंचवट्याजवळची, सुजायला लागली. सकाळी उठलं की हात माझे नाहीतच असं वाटायचं. दुधाची पिशवी कात्रीनं कापायची म्हटली तरी कात्रीत बोटं जात नसत.

एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं, दुसऱ्यांनी चिकनगुनियानंतरची सांधेदुखी म्हटलं. एका ठिकाणी रक्तात आरए फॅक्टर, संधिवाताची एक खूण, तपासला, तो निगेटिव्ह आला, म्हणून ‘वात नाही’ असं सांगून कॅल्शियम दिलं. मग कुणीतरी एका गावातल्या औषधाच्या पुड्या आणून दिल्या. चार दिवसांत सूज उतरली. मी देवापुढे साखर ठेवली. सात-आठ महिने त्या पुड्या घेतल्या. चेहरा गोल झाला, रक्तातली साखर वाढली, आणि पुडी चुकली की दुप्पट दुखायचं. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं हे मला फार उशिरा कळलं. ज्या औषधात काय आहे ते देणारा सांगत नाही, ते घेऊ नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगेन.

जानेवारी २०२० मध्ये नणंदेच्या सांगण्यावरून कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्टची फाइल उघडलीच नाही. आधी विचारलं, ‘‘सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?’’ मी म्हटलं, दोन तास. हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी एकेक पेर दाबून पाहिलं, पायांचीसुद्धा. रक्तात अँटी-सीसीपी, या आजाराची दुसरी खूण, पॉझिटिव्ह आलं, आणि अंगातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी वाढलेले. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा आजार असतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. शरीराची राखण करणारी ताकदच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, ते सुजतं, आणि तसंच सोडलं तर हाड आणि कूर्चा झिजवत जातं. हा म्हातारपणाचा वात नव्हे, तरुण बाईलाही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. गोळ्यांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतील, तोवर सोडू नका, असंही बजावलं.

गोळी मेथोट्रेक्सेटची, आठवड्यातून एकदाच. मी शनिवार धरला आणि कालनिर्णयवर दर शनिवारी लाल गोल केला. आत्यांना ते पटेना. ‘‘आठवड्याला एकदा गोळी घेऊन कुठं गुण येतोय? औषध रोज घ्यायचं असतंय,’’ म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, मायेनं पाण्याच्या तांब्याशेजारी तीच गोळी काढून ठेवली. मी घेतली नाही, पण त्या दिवशी माझे पाय लटपटले. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्त बनवणाऱ्या मज्जेवरच घाला पडतो, जीवावर बेततं. तेव्हापासून ती पट्टी वेगळ्या डब्यात असते, वर लेकीनं मराठीत आणि कन्नडमध्ये ‘शनिवार’ लिहून चिकटवलंय. सोमवारी फॉलिक ॲसिड. शिवाय हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज. सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासायचं, यकृत आणि रक्तातल्या पेशी दोन्ही, आणि वर्षातून एकदा डोळे.

जरा बरं वाटायला लागलं तोच मार्च आला आणि लॉकडाऊन. निपाणीच्या पुढं कोगनोळीला राज्याच्या हद्दीवरचा नाका बंद. माझे डॉक्टर पलीकडच्या राज्यात, मी अलीकडच्या. एरवी दोन तासांची वाट. त्यातच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनावर चालतं म्हणून बातम्या आल्या आणि दुकानांतून ती गोळी नाहीशी झाली. वर्षानुवर्षं तिच्यावर चालणारे आमच्यासारखे लोक चिठ्ठी हातात घेऊन फिरत राहिले. मालकांनी पाच दुकानं पालथी घातली, तेव्हा दहा गोळ्या मिळाल्या. मला आजही त्याचा राग येतो. बेळगावात रक्त द्यायचं, रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर कोल्हापूरला पाठवायचा, आणि डॉक्टर फोनवर सांगतील तसं करायचं, असे ते महिने काढले.

याच काळात आईचा फोन यायचा. माझं माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. आई म्हणाली, ‘‘काय करायलीस गं दिवसभर?’’ मी म्हटलं, काही नाही, हात धरून बसलेय. ती म्हणाली, ‘‘हात बंद ठेवू नकोस, पण राबवूपण नकोस. वाकळ घाल.’’

मला रडूच आलं. भाजी चिरता येत नाही त्या हातांनी वाकळ? पण आई पुढं जे बोलली ते माझ्या डोक्यात राहिलं. ती दोरा हातभरच घ्यायची. लांब घेतला की गुंता होतो. आणि दोरा संपला की ती उठायची, चुलीवरचं बघायची, गाईला पाणी दाखवायची, मग येऊन दुसरा ओवायची. लहानपणी मला वाटायचं आई दिवसभर वाकळ शिवते. ती शिवायची एक दोरा, आणि मग उठायची. विसावा तिनं दोऱ्याच्या लांबीतच बांधून ठेवला होता.

मी पहिल्या आठवड्यात मात्र हे ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी हात हलके वाटले म्हणून सलग दोन तास शिवलं. खूप दिवसांनी काहीतरी केल्याचा आनंद होता तो. दुसऱ्या दिवशी मनगटं अशी सुजली की केससुद्धा लेकीनं विंचरले. चार दिवस गेले. तेव्हा कळलं की दुखायला लागल्यावर थांबणं म्हणजे उशिरा थांबणं. थांबायची वेळ हातांना विचारून ठरत नाही, आधी ठरवून ठेवावी लागते. म्हणून लेकीनं रोज रात्री मोजून सुया ओवायला सुरुवात केली. आधी तीन. दोन महिन्यांनी चार. सहावर आम्ही थांबलो, आणि गेली काही वर्षं सहाच आहेत. तशीही सकाळच्या बोटांनी मला सुई ओवता येत नाही आणि आत्यांना नेढं दिसत नाही, त्यामुळे ओवलेल्या सुया संपल्या की काम आपोआप थांबतं.

शिवायची रीतही बदलावी लागली. वाकळ जमिनीवर पसरून, गुडघ्यावर बसून घालायची असते. ते मला जमणार नव्हतं. मी ती कॉटवर पसरते आणि स्टुलावर बसते, म्हणजे तिचं वजन हातावर येत नाही. चार थरांऐवजी दोनच, वर ठिगळं. कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं. नायलॉनच्या साड्या आणि जीन्स नको, सुई अडते. सुई टोचण्यापेक्षा ओढताना चिमटीत जास्त दुखतं. त्यावर मालकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापून दिला. तो सुईवर ठेवून ओढली की चिमूट आवळावी लागत नाही. ठिगळं कापायची नाहीत, लेक कडेला चीर देऊन उभ्या धाग्यावर फाडते, सुती कापड सरळ फाटतं. मालकांनी लेथवर नायलॉनच्या जाड मुठीही करून आणल्या, विळीऐवजी वापरायच्या सुरीला एक, उलथन्याला एक. नळाची गोल चावी काढून कोपरानं ढकलता येईल असा दांडा लावला. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं की लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्यावर टाका, बोटानं उचलायचं ते तळव्यानं, तळव्यानं उचलायचं ते कोपरावर. मालकांना ते माझ्यापेक्षा आधी समजलं.

भाकरी मात्र माझ्या जिवाला लागली. जोंधळ्याची भाकरी माझ्या हातची मऊ आणि गोल व्हायची, पाहुणे मुद्दाम मागून घ्यायचे. पीठ मळणं आणि थापणं, दोन्ही बोटांच्या मुळावरचं काम. गल्लीतल्या कानडी अक्का कडक भाकऱ्या करून विकतात, महिनाभर टिकतात. त्यांच्याकडून पहिल्यांदा पंचवीस भाकऱ्यांची चवड आणली, त्या रात्री मी जेवले नाही. घरात बाई असून भाकरी विकतची. अक्कांना कुणी सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्या आल्या, माझे हात हातात घेतले आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘निधान, अक्का, निधान.’’ सावकाश. आता डाळीत भिजवलेली कडक भाकरी आमच्याकडे आवडीनं खातात. मऊ भाकरी महिन्यातून दोनदा मी करते, दोनच.

दुपारी दीड ते तीन मी आडवी होते. हे लिहायला एक ओळ लागते, पण करायला सगळ्यात कठीण हेच गेलं. आमच्याकडे बाई दिवसाउजेडी झोपली की घरात आजार तरी असतो नाही तर आळस. आत्या बोलायच्या नाहीत, भांडी जोरात ठेवायच्या. मी डोळे मिटून पडायची आणि कान स्वयंपाकघरात. असल्या पडण्यानं थकवा जात नाही. या आजारातला थकवा वेगळाच असतो, झोप झाली तरी अंगात ओलं पोतं टाकल्यासारखं वाटतं. पुढच्या खेपेला कोल्हापूरला मी आत्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना माझ्या हाताचा एक्स-रे दाखवला, कुठं झिजायला लागलंय ते बोट ठेवून. परतीच्या बसमध्ये निपाणीपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीचं दार त्यांनीच ओढून घेतलं.

पावसाळा अजून जड जातो. बेळगावचा पाऊस आठवडेच्या आठवडे उघडत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि माझी बोटंही उघडत नाहीत. तेव्हा सकाळी अर्धा तास लवकर उठते, कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून एकेक बोट उघडते, मिटते. शनिवारच्या गोळीनंतर रविवारी मळमळतं, डोकं जड असतं, म्हणून रविवारी सुई नाही. गौरी-गणपतीत पुरण मी वाटत नाही. एका वर्षी वाटलं होतं, त्यानंतर बारा दिवस अंथरुणात होते.

पहिली वाकळ पुरी व्हायला चौदा महिने लागले. कोपऱ्यापासून सुरू करून कडेनं फिरत फिरत आत मध्यावर येऊन संपते ती. माहेरच्या बाजूला सिद्दी बायका अशीच शिवतात, त्या तिला कवंदी म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी घालून फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आईनं त्यांच्याकडूनच ते घेतलं होतं. माझ्या बोटांना ती बारीक घडी येईना. फुलं लेकीनं लावली, तीन नीट आणि एक जरा वाकडं. ती वाकळ आता धारवाडला हॉस्टेलवर आहे.

दुसरी चालू आहे. तिला खालून आत्यांचं जुनं शहापुरी लुगडं आहे, त्यांनीच ट्रंकेतून काढून दिलं. काल संध्याकाळी मध्याजवळचा एक लाल चौकोन चार बोटं राहिला होता. गादीवरच्या सुया संपल्या होत्या. हात चांगले होते, मी बुधवारच्या गादीकडे हात नेला. आत्या दारात वाती वळत बसल्या होत्या. उठल्या, टोपली उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘सहा झाल्या. ऊठ आता, चहा टाकलाय.’’