तुम्ही विचारलंत म्हणून: आजी पुण्याची कधी झाली?

तुमच्या ॲनिमेशन सिनेमाच्या टीझरमध्ये आजी बेळगावी बोलत होती, मग सिनेमात ती एकदम पुण्याची कशी झाली? खानापुरात, निपाणीत, कुणाच्या बारशाला गेलो तरी हेच. वर ‘मराठीसाठी मोर्चे काढलेली माणसं आपण’ हेही ऐकवतात. मोर्चात मीही होतो, पण ते असो.

डिस्ट्रिब्युटर म्हणाला म्हणून बदललं, हे उत्तर मी दोन वर्षं देतोय. ते खोटं नाही, खरं अर्धंच आहे. (हे आपलं ‘खरं’, म्हणजे ‘पण’. पुण्यात दर वेळी फोड करून सांगावं लागायचं.)

पुण्यात आम्ही पन्नासेक लोकांना कच्चा सिनेमा दाखवला. भीमगडच्या जंगलात, वटवाघळांच्या गुंफेत नातू अडकलाय. त्या जंगलातली बारापेडेची गुंफा बघून आलो होतो, अंधार तिथलाच काढला होता. आजी तोंडाशी बसून म्हणते, ‘भिऊलालास कशाला? मी हाय की.’ आणि हॉल हसला. वाईट मनानं कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर तिघा-चौघांनी सांगितलं, ‘काय गोड भाषा हो तुमची!’ पोरगं अंधारात मरायला टेकलंय आणि भाषा गोड. सिनेमातला फॉरेस्ट गार्ड अख्खा वेळ कन्नड बोलतो. त्याला कुणी हसलं नाही, खाली पाट्या द्या एवढंच म्हणाले.

डिस्ट्रिब्युटरचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्याच्याआधीच, रात्री बसमध्ये, मी आजीचे संवाद प्रमाण मराठीत लिहायला घेतले होते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सिनेमावर कर्ज होतं, पाच पोरांचे पगार थकले होते, ही कारणं खरीच. पण बसमध्ये मला कर्ज आठवत नव्हतं, ते हसणं आठवत होतं.

आजीचा आवाज माझ्या आईचा. मे महिन्यात आतल्या खोलीत पंखा बंद करून, खिडकीला गाद्या लावून रेकॉर्ड केला. तिनं कागद हातात घेतला नाही. प्रसंग सांगायचा, ती तिच्या मनानं बोलायची, आणि आम्ही चित्रं त्यावर बेतायची. सेकंदाला 24 फ्रेम, दोन फ्रेमला एक चित्र, म्हणजे सेकंदाला 12. बाकी पात्रांची तोंडं आम्ही ठरावीक नऊ आकारांत भागवली. आईचे पुढचे दात नाहीत, ओठ आत वळतात. ते त्या नऊत बसेना, म्हणून आजीचं तोंड प्रत्येक चित्रात हातानं काढलं. ‘भिऊलालास’मध्ये ‘ऊ’ला ओठांचा चंबू, मग दोनदा ‘ला’, दोन्ही वेळा जबडा खाली. ‘घाबरतोस’मध्ये क्रमच उलटा, ‘घा’ला जबडा आधी खाली, चंबू शेवटी ‘तो’ला. आजी अकरा मिनिटं बोलते, म्हणजे 7,920 तोंडं. ती पुन्हा काढायला पैसे नव्हते. आवाज बदलला, तोंड तसंच राहिलं.

आणि आईला मी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत रिलीज आला.

बेळगावात बाराचा शो होता. आईनं नवं लुगडं नेसलं, गल्लीतल्या सात बायका बरोबर घेतल्या, त्यांना वाटेत सांगत आली, ‘म्हातारी बोलती ती मी.’ पहिल्या पाच मिनिटांत आजी तुळशीपाशी येते. वाक्य संपलं. बायका आईकडं बघायला लागल्या. आई पडद्याकडंच बघत होती. तिचे ओठ हलत होते, पडद्यावरच्या ओठांबरोबर, बरोब्बर. मग थांबले. माझ्याकडं न वळता म्हणाली, ‘तोंड माझं हाय. बोलूलाली कोण?’

मी म्हटलं, आवाजात बिघाड झाला. शेजारचीनं ते पुढच्या रांगेत पोचवलं. इंटरव्हलला सगळ्या मला धीर देत होत्या, पुढच्या खेळाला होईल नीट म्हणून. आईनं वेफर्स खाल्ले नाहीत, बाकी काही नाही. रात्री ताट वाढताना विचारलं, ‘त्या बाईला पैसे किती दिलास?’ मी आकडा सांगितला. आईला मी काहीच दिलं नव्हतं. द्यायचं असतं, हेही तेव्हा सुचलं नव्हतं.

सिनेमा पुण्यात एक आठवडा चालला, इथं नऊ दिवस. जुना आवाज ठेवला असता तर जास्त चालला असता, असं मला वाटत नाही. तसं म्हणणाऱ्यांनी तो हॉल ऐकलेला नाही. हसू दे की लोकांना, असं तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं. तो लगेच विचारतो, पगार तू देणार काय?

जुना ट्रॅक हार्ड डिस्कवर आहे. परवा चित्रावर लावून बघितला. ओठ आणि आवाज जुळले, गुंफेपाशी आजी तिचं ते वाक्य बोलली. आतून आईनं हाक मारली, ‘कोण आलंय रे बाहेर? आत बोलव की त्यास्नी.’