तुम्ही विचारलंत म्हणून : चर्च कशासाठी असते?

मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेली किंवा म्युर मेमोरियल या मिशन रुग्णालयात जन्मलेली माणसे नागपुरात कुठेही भेटतात, आणि मी ख्रिस्ती आहे हे कळले की त्यांच्यापैकी कुणीतरी हमखास विचारते, "शाळा आणि दवाखाने चालवणे हेच तुमच्या चर्चचे मुख्य काम ना?" या प्रश्नामागे आपुलकी असते, म्हणून नुसती मान डोलावून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. माझ्या मते चर्चचे मुख्य काम उपासना हे आहे. विश्वासणाऱ्यांनी एकत्र जमून देवाचे वचन ऐकावे, त्याची स्तुती करावी आणि प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीत, सहभागी व्हावे, यासाठी चर्च असते. बाकीची सगळी कामे, कितीही मोठी असली तरी, तिथून निघतात.

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीजवळ, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाजवळ, स्वतःची इमारत नव्हती की संस्था नव्हती. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ती मंडळी शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांत तत्पर असे, हे आधी येते; आपली मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसे ते वाटून देत, हे त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेही शुभवर्तमान सांगण्यासाठी, आणि त्यांची शाळा त्याच ध्यासातून उभी राहिली.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच शहरात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा नागपुरात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते, बाप्टिस्टही होते. या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या; बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचे धर्माध्यक्ष, असावेत की नसावेत, तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा, म्हणजे चर्चमध्ये प्रवेशाचा पाण्याचा संस्कार, द्यावा की जाणत्या वयातच द्यावा, अशा प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे मतभेद होते, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करूनच मार्ग निघाला. शाळा आणि दवाखाने तर वेगळे राहूनही चालवता आले असते. मग चाळीस वर्षे एवढा खटाटोप कशासाठी? प्रभूच्या एकाच मेजाशी वेगवेगळे बसणे त्यांना सहन होत नव्हते, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या वेळी लोक वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. निवृत्त अधिकारी, त्याच्या शेजारी ऑटो चालवणारा, पलीकडे धुणीभांडी करणारी बाई. प्रत्येकाच्या ओंजळीत पाळक भाकरीचा तेवढाच लहान तुकडा ठेवतात, आणि पेला एकच असतो. तिथे कुणाला रांगेत पुढे जागा मिळत नाही. नेमके हेच मेज पहिल्या शतकात करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत बिघडले होते: पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रात त्यांना स्पष्ट सुनावले की हे प्रभूचे भोजनच नव्हे. म्हणून उपासना म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, हा आक्षेप मला पटत नाही. जातीची उतरंड मनात ठेवून कठड्याशी येणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही, आणि अशी माणसे आमच्यात आहेत, पौलाचे तेच शब्द लागू पडतात.

काही जण दबक्या आवाजात धर्मांतराविषयी विचारतात. सुवार्ता सांगण्याची आज्ञा येशूनेच दिली आहे, ती बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे, आणि ती मी लपवणार नाही. मात्र आमिष दाखवून गोळा केलेली माणसे देवाची उपासना करीत नाहीत, त्यामुळे तसल्या गर्दीने चर्चचे काम तसूभरही पुढे सरकत नाही.

उद्या एखादा दवाखाना सरकारकडे गेला तर आम्हांला वाईट वाटेल, पण मंडळी उरेल. रविवारची उपासना थांबली, तर मात्र फाटकावर क्रूस असलेला एक ट्रस्ट तेवढा राहील. तुम्हांला हे पाहायचे असेल तर एखाद्या रविवारी सकाळी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये या. भाकर बाप्तिस्मा झालेल्यांनाच दिली जाते, हे आधीच सांगून ठेवतो. पण बाकावर बसायला, वचन ऐकायला आणि आमच्याबरोबर गायला कुणालाही मनाई नाही.