वर्षातून एकदाच चालणारा जॉब

ऑडिटचा मुद्दा एका ओळीचा होता: प्रॉडक्शनच्या डीबी२ला (मेनफ्रेमवरच्या डेटाबेसला) बॅचमधून, म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या जॉबमधून, कोणीही जोडणी करू शकतो. खोटं काहीच नव्हतं. रॅकएफ ही मेनफ्रेमची राखणदार यंत्रणा. तिच्या डीएसएनआर क्लासात, म्हणजे डीबी२च्या जोडण्यांचे नियम असतात तिथे, डीबी२पी.बॅच हे प्रोफाइल (नियम) होतं, पण त्याचं यूएसीसी (यादीत नाव नसलेल्याला मिळणारी परवानगी) होतं रीड. यादीत नाव असो-नसो, मेनफ्रेमचा यूजर आयडी असला की दार उघडं. आत टेबलांवरचे ग्रँट (कोणता डेटा कुणी वापरायचा याच्या परवानग्या) राखण करत होते म्हणून निभावत होतं. सीआयसीएससाठीचं (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या यंत्रणेसाठीचं) सास आणि नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठीचं डिस्ट ही प्रोफाइलं आधीच बंदिस्त होती. बॅच मुकाट चालते, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

एकदम कुलूप लावायची माझी छाती नव्हती. यूएसीसी नन केलं (यादीबाहेरच्याला प्रवेश नाही), ओळखीच्या गटांना परमिट दिलं आणि प्रोफाइल वॉर्निंगवर ठेवलं. वॉर्निंगवर असताना रॅकएफ अडवत नाही. आयसीएच४०८आय मेसेज टाकून तात्पुरता प्रवेश दिल्याचं तेवढं कळवतो. ४५ दिवस मी रोज सकाळी एसएमएफच्या (मेनफ्रेमच्या नोंदवहीच्या) टाइप ८०, म्हणजे रॅकएफच्या नोंदी चाळल्या. काही आयडी तर अशा टीमचे निघाले, की ती टीमच आता उरली नव्हती. शेवटचे दोन आठवडे एकही नवं नाव आलं नाही. मी वॉर्निंग काढून टाकली आणि खूश झाले.

वर्षअखेरीच्या रात्री दीड वाजता ऑपरेटरचा फोन. "मॅडम, क्लोजिंगचा जॉब पडलाय. रीझन कोड ००एफ३००१३." पुढचं ऐकायची गरजच नव्हती. हा कोड म्हणजे जोडणीची परवानगी नाही. वर्षातून एकदा चालणारा जॉब, त्याचा स्वतंत्र आयडी. माझ्या ४५ दिवसांत तो दिसणार कसा?

मॅनेजर लाइनवर आले. "यूएसीसी परत रीड कर गं, उद्या बघू." मी नाही म्हटलं. असले उद्या मी बरेच पाहिलेत. त्या एका आयडीला परमिट दिलं, जॉब पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा पडला, तोच कोड. मी आयडीचं स्पेलिंग तीनदा तपासलं, प्रोफाइलची यादी काढली. नाव होतं, रीड होतं. लाइनवर कुणीच बोलेना. मग डोक्यात प्रकाश पडला: आमचा डीएसएनआर क्लास रॅकलिस्ट केलेला, म्हणजे त्याच्या प्रोफाइलांची प्रत मेमरीत आणून ठेवलेली. परमिट रॅकएफच्या डेटाबेसमध्ये पोहोचलं होतं, पण तपासणी होत होती मेमरीतल्या जुन्या प्रतीवर. ती प्रत ताजी करणारी कमांड, सेटरॉप्ट्स रॅकलिस्ट रिफ्रेश, मी दिलीच नव्हती. (आयडी आधीपासून परवानगी असलेल्या गटात जोडला असता, तर रिफ्रेश लागलाच नसता. हे अर्थातच सकाळी सुचलं.) रिफ्रेश दिला, जॉब चालला.

दुसऱ्या दिवशी एसएमएफ बाजूला ठेवून शेड्यूलरवाल्यांकडे जाऊन बसले. तिमाही, सहामाही, वार्षिक, सगळे जॉब काढायला लावले. यादीत नसलेले आणखी तीन आयडी सापडले. त्यातला एक फक्त डीआर ड्रिलच्या (आपत्तीनंतर सिस्टिम पुन्हा उभी करण्याच्या तालमीच्या) दिवशी चालायचा.