चित्राला हात न लावणारे सर

मी इंग्लंडला चित्रकला शिकते. सुट्टीवर पुण्यात आल्यापासून भेटेल तो मला दोनच गोष्टी विचारतो. थंडी किती असते, आणि जेवणाचं काय करतेस? परवा नदीकाठच्या ओंकारेश्वर मंदिराच्या आडोशाला स्केचिंगला बसलो होतो, तेव्हा चित्रकलेच्या फाउंडेशन वर्गातल्या एका मुलाने वेगळंच विचारलं. "ताई, तिकडे सर करेक्शन कसं करतात?" मला त्याला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. पण तिकडच्या पहिल्या वर्षात मला जे उमजलं, ते बहुतेक सगळं या प्रश्नाच्याच अवतीभवती आहे, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

जे चित्रकलेच्या वर्गात कधी बसले नाहीत त्यांच्यासाठी आधी करेक्शन म्हणजे काय ते सांगते. आपण मांडीवर बोर्ड घेऊन, समजा, विश्रामबागवाडा काढत असतो. सर मागे येऊन उभे राहतात. थोडा वेळ बघतात आणि "ऊठ जरा" म्हणतात. मग ते आपल्या जागेवर बसतात, आपलाच ब्रश उचलतात, पाण्यात दोनदा बुडवून झटकतात आणि सज्जाखाली गडद सावलीचा एकच पॅच टाकतात. मघापासून शीटवर आडवा पडलेला वाडा एकदम उभा राहतो. सर पुढच्या मुलाकडे जातात. त्या दोन मिनिटांत जे मिळतं ते कुठल्याही पुस्तकात नाही, असं मी आजही मानते. इंटरमिजिएटच्या क्लासपासूनच्या अशा शीट मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतला कुठला फटकारा सरांचा आणि कुठला माझा, ते मला अजून ओळखता येतं.

आता मी शिकते ते लँकेस्टर विद्यापीठ इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात आहे. १९६४ साली सुरू झालेलं. ते लँकेस्टर गावात नाही, गावापासून पाचेक किलोमीटरवर बेलरिग नावाच्या टेकाडावर वसवलेलं आहे. पुण्यात आमच्यासारख्यांना कॅम्पस असा कधी नसतोच. कॉलेज म्हणजे भर रस्त्यावरची एक इमारत, आणि उरलेला कॅम्पस म्हणजे मंडई, तुळशीबाग, शनिवारवाडा, नदीकाठ. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाशी आमचा संबंध परीक्षा आणि निकालापुरता. बेलरिगला मात्र राहणं, शिकणं, किराणा, दवाखाना, ग्रंथालय, नाट्यगृह, कलादालन, सगळं एकाच टेकाडावर. मधून उत्तर-दक्षिण अशी एक पायवाट जाते, तिला सगळे 'स्पाइन' म्हणतात, म्हणजे कणा. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी छप्पर आहे, कारण तिथे पाऊस कुठल्याही महिन्यात, कुठल्याही दिवशी येतो. गेब्रिएल एपस्टाइन या वास्तुरचनाकाराने आराखडा करतानाच ठरवलं होतं की माणसं या कण्यावरून चालतील आणि मोटारी बाहेरच्या कडेने फिरतील. बस अलेक्झांड्रा चौकाच्या पोटातून, जमिनीखालून येते. पहिल्या आठवड्यात मी हा कणा या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालत राहिले. हॉर्न ऐकू येत नाही, आणि चित्र काढायला बसलं तर मागे कुणी येऊन उभं राहत नाही.

याचा मला फार त्रास झाला. पुण्यात रस्त्यावर बसलं की दहा मिनिटांत चारजण जमतात. एखादे आजोबा "झाड जरा मोठं झालंय" म्हणतात, फुलवाली "मला काढ की" म्हणते, शाळेतली पोरं रंगांच्या डबीत बोटं घालतात. आपण वैतागतो, पण आपलं चित्र कुणीतरी बघतंय हे गृहीत धरूनच आपला हात चालत असतो. अलेक्झांड्रा चौकात पायऱ्यांवर मी दोन तास बसले तरी कुणी वाकून बघितलं नाही. तिथे दुसऱ्याच्या कामात डोकावणं हा आगाऊपणा समजतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र, माझं चित्र बघण्यासारखं नाही, असंच वाटत राहिलं.

रंगही ऐकेनात. आपल्याकडे एप्रिलमध्ये आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकायचा तर शीटच्या तळापर्यंत पोचेस्तोवर वरची कड सुकलेली असते. त्यामुळे आमचा हात झपाट्याचा झाला, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. लँकेस्टरच्या दमट हवेत तोच वॉश अर्धा तास ओला राहतो. मी सवयीने त्यावर झाड ठेवायचे आणि झाड आकाशात विरघळून जायचं. कितीतरी शीट वाया गेल्या. हेअर ड्रायर होता, सगळे तोच वापरतात, पण त्याने कागदावर रंगाच्या कडा उमटतात, त्या मला आवडत नाहीत. शेवटी थांबायला शिकले. वॉश टाकायचा, बाहेर चक्कर मारून यायचं, मग दुसरा हात. जलरंगात थांबणं हेही एक कसब आहे, आणि ते पुण्यात राहून मला आलं नसतं.

आता करेक्शनकडे येते. आमच्या ट्यूटरना सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते जमायला जानेवारी उजाडला, तोवर मी नाव न घेताच बोलायचे. मनात आणि आईशी बोलताना ते अजून 'सर'च आहेत. आठवड्यातून एकदा ते स्टुडिओतल्या माझ्या जागेवर येतात, खुर्ची ओढून बसतात आणि चित्र बघतात. खूप वेळ बघतात. मग प्रश्न विचारतात. हेच का, इतकंच मोठं का, हा कागद कुठून आणलास? ऑक्टोबरमध्ये एकदा न राहवून मी उठून उभी राहिले आणि ब्रश त्यांच्यापुढे धरला. त्यांना काही कळेना. मी समजावलं की आमच्याकडे सर चित्रावर स्वतः करून दाखवतात. त्यांनी शांतपणे ऐकलं, आमच्या सरांबद्दल आणखी विचारलं, आणि म्हणाले, मी हात लावला तर ते तुझं चित्र राहणार नाही. त्या रात्री मी खोलीवर जाऊन रडले. इतक्या लांब, घरच्यांचे इतके पैसे घालून आले आणि मला कुणी शिकवतच नाही, असं वाटलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर आईने पाठवलेला फराळ पोचला. चकल्या आणि चिवड्याची पाकिटं तिने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रांत गुंडाळली होती. कागद उलगडले तर चकल्यांचं तेल झिरपून जागोजागी डाग पडले होते, आणि डाग पडले तिथे कागद पारदर्शक झाला होता. खिडकीशी धरला तर उजेड आरपार येत होता. मी ते कागद टाकले नाहीत. बारा पानं निवडली, एकाला एक जोडली आणि स्टुडिओच्या पश्चिमेकडच्या खिडकीवर टांगली. काही डाग मुद्दाम वाढवले, तेलात बुडवलेल्या ब्रशने. त्यांतून हळूहळू आमच्या पेठेतल्या वाड्याच्या जिन्याचा आकार आला.

सत्राच्या शेवटी तिथे 'क्रिट' असतं. सगळे एकेकाच्या कामापुढे जमतात, आणि आमच्या गटात नियम असा की पहिली दहा मिनिटं ज्याचं काम असेल त्याने एक शब्दही बोलायचा नाही. माझी पाळी दुपारी तीनच्या पुढे आली. डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. तेलाचे डाग आधी मधासारखे उजळले होते. लोक बोलत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जिना विझत गेला. कुणीतरी दिवा लावायला उठलं, तर दुसऱ्या कुणीतरी थांबवलं. दहा मिनिटं झाल्यावर एका मुलीने विचारलं, हे लिहिलंय काय? मी जवळ जाऊन, मोबाइलच्या उजेडात, मराठीतच वाचलं. दोन खोल्या भाड्याने देणे आहे, सदाशिव पेठ, पाणी चोवीस तास. मग इंग्रजीत सांगितलं. मग एक निधनवार्ता वाचली. सगळे गप्प बसून ऐकत होते. पुण्यात मागे उभे राहणारे ते आजोबा, ती फुलवाली, मला त्या काळोखात फार दिवसांनी भेटले.

ट्यूटर शेवटी एवढंच म्हणाले, "हा कागद उजेडात पिवळा पडत जाईल, ठिसूळ होईल. ते तुला हवं आहे का?" मी विचारच केला नव्हता. पूर्ण ख्रिसमसची सुट्टी मी त्यावर घालवली. पुण्यातल्या सरांचा सावलीचा तो एक गडद पॅच मला असाच भिडायचा.

त्यांनीच मला कुर्ट श्विटर्स बघायला सांगितला. हा जर्मन चित्रकार तिकिटं, वेष्टनं, छापील कागदांचे कपटे जोडून कोलाज करायचा. नाझी जर्मनी सोडून तो नॉर्वेत गेला, तिथून १९४० मध्ये ब्रिटनमध्ये, आणि तिथे काही काळ नजरकैदेत होता. १९४५ पासून तो आमच्या विद्यापीठाच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइड गावात राहिला आणि पोटासाठी लोकांची पोर्ट्रेट्स आणि तिथल्या डोंगरतळ्यांची निसर्गचित्रं काढून विकू लागला. शेवटच्या वर्षी एल्टरवॉटरच्या एका दगडी कोठारात त्याने भिंतीवर काम सुरू केलं. ते अर्धवट राहिलं, १९४८ च्या जानेवारीत तो गेला. ती भिंत नंतर न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत हलवली. मी अँबलसाइडला बसने जाऊन आले. माझ्या वर्गातले काहीजण निसर्गचित्र म्हटलं की नाक मुरडतात. मला मात्र त्या डोंगरांसमोर उभं राहून, एकाच माणसाच्या हातात कपटे आणि डोंगर दोन्ही मावतात याचा धीर आला.

एक गोष्ट घरोघरच्या आयांसाठी. निकाल लागला तेव्हा मी फोनवर अडुसष्ट सांगितले आणि आई गप्प झाली. तिथे चाळीसला पास, साठच्या पुढे चांगला दर्जा आणि सत्तरला प्रथम श्रेणी. नव्वद क्वचितच कुणाला मिळतात. आकड्यांवरून मुलांना बोलू नका, एवढीच विनंती.

तिथे सगळं उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या कित्येकांना पर्स्पेक्टिव्ह काढता येत नाही, मानवाकृतीचं प्रमाण येत नाही, आणि ते शिकायची त्यांची तळमळ मी बघितली आहे. लेंट सत्रात, म्हणजे ख्रिसमसनंतरच्या सत्रात, दर गुरुवारी रात्री आम्ही सहाजण माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ड्रॉइंगला बसायचो. मी त्यांच्या शीटवर हाताने करून दाखवायचे. पहिल्यांदा ते दचकले. नंतर स्वतःहून उठून जागा द्यायला लागले.

परवा ओंकारेश्वरापाशी त्या मुलाने प्रश्न विचारला आणि मागोमाग शीट आणि ब्रश दोन्ही पुढे केले. मी ब्रश घेतला, पाण्यात दोनदा बुडवून झटकला आणि शिखराखाली सावली टाकली. मग त्याला विचारलं, नदीकडची अर्धी शीट कोरी का ठेवली आहेस?

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "खडकवासल्यातून पाणी सोडलंय ना ताई. कुठवर येतंय ते बघतोय."

मी सरकून त्याच्या शेजारी बसले.