ताडोबातली माणसं

ठाणे, रविवार, रात्री

आईच्या गुडघ्यांबद्दल लॉजवर कुणालाच काही माहीत नव्हतं. पोचल्यावर ती पायऱ्या चढताना कठड्याला धरून क्षणभर थांबली एवढंच, बॅगा उचलणाऱ्या मुलाने ते बघितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात सफारीच्या उघड्या जिप्सीपाशी एक लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. जिप्सीची पायरी उंच असते, आई त्याच विचाराने रात्रभर नीट झोपली नव्हती. मग ते स्टूल प्रत्येक सफारीला आमच्यासोबत, गेटवर आयडी दाखवायला उतरायचं झालं की ड्रायव्हरदादा आधी स्टूल काढणार आणि मग बाकीचं सगळं. लॉजचा फोटोत दिसणारा स्विमिंग पूल बघून मी बुकिंग केलं होतं, पण आता कुणी विचारलं तर मी त्या मुलाबद्दल सांगते.

आम्ही कोलारा गेटच्या बाजूला राहिलो, ठाण्याहून रात्रीची गाडी नागपूरला आणि पुढे चिमूरमार्गे टॅक्सी. वाघीण पहिल्याच सफारीत दिसली खरं तर. पण गाडी नुसती पळत होती, समोरून जिप्सी आली की विचार, वळ, परत पळ, आणि शेवटी गाड्यांच्या गर्दीतून ती रस्ता ओलांडताना दिसली, आईला त्यातलं धूळ आणि पुढच्या गाडीतल्यांच्या टोप्या आठवतात. त्या गाईडलाही दोष देववत नाही, लोक गेटवरच वाघ दाखवा म्हणून मागे लागतात, मग तो काय करणार.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या रोटेशनने एक गाईडताई आमच्या वाट्याला आल्या, जवळच्याच गावातल्या. त्यांनी एका पाणवठ्यापाशी इंजिन बंद करायला लावलं आणि आईला म्हणाल्या, "आई, चितळ उगाच बी ओरडते, पण सांबर उगाच नाही ओरडत. सांबर ओरडलं का थांबाचं." आणि थांबलो, खूप वेळ थांबलो, मोबाईल आत नेता येत नाही त्यामुळे हातात करायला काहीच नाही, नुसतं ऐकायचं. सांबर ओरडलं आणि वाघ आलाच नाही, रानकुत्रे आले! सांबराची मादी सरळ पाण्यात शिरून पोटापर्यंत उभी राहिली. ताई हळूच म्हणाल्या, रानकुत्रे मागे लागले की सांबर पाणीच गाठतं, तिथे त्यांना त्याला घेरणं अवघड जातं. कुत्रे काठावर घुटमळले आणि निघून गेले. मी श्वास रोखून बसले होते. शेजारून अजून एक जिप्सी आली, वाघ नाही म्हटल्यावर लगेच गेली.

परत येताना तलावाकाठच्या तारू देवाबद्दल त्यांनी सांगितलं, वाघाशी झुंजताना गेलेला गावाचा प्रमुख, गोंड लोकांचा देव, पौषात तिथे जत्रा भरते. १९५५ साली झालेलं नॅशनल पार्क वगैरे मी वाचून गेले होते, पण घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं कुणी तारूबद्दल बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद. मला वाटलं दिवस वाया, पण लॉजचा नॅचरलिस्ट मुलगा सकाळी गावाच्या कडेने फिरायला घेऊन गेला, ऐनाच्या झाडाची मगरीच्या पाठीसारखी साल, कांडोळाचं पांढराफटक खोड, सगळं हात लावून बघायला लावलं. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, एकमेकींना सतत हाका मारत. तो म्हणाला, एकटं जायचं नाही आणि गप्प राहायचं नाही, वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघ येऊ शकतो. त्याची काकू तशीच जखमी झाली होती. ज्या वाघासाठी आम्ही पैसे भरून येतो त्याच्या शेजारी हे लोक रोज जगतात आणि तरी त्याच्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये. आमच्या गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसतात, तिथे बिबटे आहेत, आणि सोसायटीत नुसती बातमी आली तरी ग्रुपवर आरडाओरड सुरू होते.

त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या मावशींनी आईसाठी गोळाभात केला, डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात. बुफेत तेच पनीर, तीच दाल फ्राय, कारण पाहुण्यांना तेच चालतं असं त्यांना सांगितलेलं. आईने नुसतं विचारलं की तुम्ही घरी काय जेवता, तर मावशी इतक्या खुलल्या की वरून फोडणी घालायला स्वतः टेबलापाशी आल्या. अशा लॉजवाल्यांनी बुफेत एक तरी पदार्थ तिथल्या घरातला ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

निघताना टिप कॉमन बॉक्समध्ये टाकली, त्यातलं किचन आणि लाँड्रीवाल्यांनाही मिळतं म्हणे, हे आवडलं. गाईडताई लॉजच्या नाहीत, त्यांना गेटवरच वेगळे दिले. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतं तेव्हा काय करता विचारलं तर म्हणाल्या, धानाची रोवणी, आणि बफर, म्हणजे कोअरच्या बाहेरचा पट्टा, चालू असला तर तिकडे ड्युटी. "पावसात या, गर्दी नसते, म्या जंगल दाखवते तुमाले."

आईने आज जेवताना ऑगस्टचं काढलंय. रोटेशनमध्ये त्याच ताई मिळतील याची खात्री नाही हे तिला सांगितलं, तर म्हणाली लॉजवर फोन करून विचार तरी. उद्या करते.