मिन्नान्थूच्या देवळातली ओल

म्यानमारमधल्या बागानच्या मैदानात विटांच्या साडेतीन हजारांवर वास्तू आहेत. आनंदा, सुलामणी, धम्मयांजी ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. बाकीच्या कितीतरी वास्तूंची ओळख म्हणजे नुसता नोंदवहीतला क्रमांक. ऑक्टोबर 2018 मध्ये आम्ही ज्या देवळात गेलो तेही असंच क्रमांकाचं, तेराव्या शतकातल्या घडणीचं, मिन्नान्थू गावाच्या कडेला तिळाच्या शेतात उभं असलेलं. 24 ऑगस्ट 2016 रोजी इथे 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि चारशेच्या आसपास वास्तूंना इजा झाली. या देवळाच्या गाभाऱ्यावरच्या कमानीला तेव्हा माथ्याशी भेग पडली होती. ती वाढते आहे का हे कळावं म्हणून तिच्यावर जिप्समच्या पाच पट्ट्या बसवल्या होत्या. त्या दिवशी फक्त त्या तपासायच्या होत्या.

मिन्नान्थू जुन्या बागानच्या आग्नेयेला आहे. डांबरी सडक सोडली की बैलगाडीची चाकोरी लागते आणि चाकोरीत पिठासारखी वाळू. भाड्याची ई-बाईक इथे कुठेही मिळते, पण वाळूत पुढचा ब्रेक दाबला की चाक आडवं होतं. मागच्या सीटवर जड पेटी बांधली की पुढचं चाक हलकं होऊन आणखी भरकटतं. म्हणून औजारं पाठीवर घ्यायची आणि शिडी, बांबू गावातच मागायचे.

किल्ली ऊजींकडे असते. ऊजी म्हणजे काका. वडीलधाऱ्या माणसाला इथे नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पायताण आणि मोजे, दोन्ही आवाराच्या वेशीवरच उतरवायचे. पुढे देवळापर्यंतच्या गवतात कुसळं आणि काटे असतात, त्यामुळे आवार झाडून ठेवायला आदल्या दिवशी निरोप द्यावा. पोचायचं सकाळी सातला. ऊन चढलं की विटा तापतात आणि भेगेची रुंदी बदलते. आधीचं माप सातचं असेल तर आजचंही सातचंच हवं, नाहीतर उन्हाने झालेला फरक भिंत हलल्याचा फरक म्हणून नोंदला जातो.

जिप्समची पट्टी दिसते साधी, पण ती नीट बसवली नसेल तर फसवते. लांबी साधारण 10 सेंटिमीटर, रुंदी 4, जाडी सेंटिमीटरच्या आतच. जाड पट्टी भेग हलली तरी तुटत नाही, एका टोकाने सुटते आणि वरवर धड दिसते. गिलाव्यावर लावली तरी तेच, कारण गिलावा बहुतेक ठिकाणी विटेपासून सुटलेला असतो. उघड्या विटेवर, वीट ओली करून, पट्टी लावायची आणि ती ओली असतानाच तिच्यावर तारीख कोरायची. रंगकामाच्या आसपास तर जाऊच नये. याशिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना पोलादी खिळ्यांची जोडी बसवून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने घ्यायचं. पट्टी नुसतं हो किंवा नाही सांगते, खिळे किती ते सांगतात.

चार पट्ट्या अखंड होत्या. खिळ्यांमधलं अंतरही आधीच्या मापाशी जुळलं. पाचवी पट्टी, मागच्या भिंतीजवळची, तीही अखंड होती. पण हात लावला तेव्हा ती गार लागली आणि नखाने दाबली तर नख आत रुतलं. जिप्सम एवढं मऊ पडतं ते ओलीनेच. भेग थांबलेली होती आणि पाणी मात्र आत येत होतं. अशा वेळी भेगेचं माप लिहून वही मिटली असती तर कागदावर देऊळ सुरक्षित ठरलं असतं.

टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला. समोरून प्रकाश टाकला तर भिंत सपाट दिसते, आडव्या उजेडात प्रत्येक फुगवट्याची सावली पडते. जातककथांच्या चौकटींची ओळ, तिच्याखाली शाईतली जुन्या बर्मी लिपीची ओळ, आणि त्या अक्षरांखाली तळहाताएवढा फुगा. त्याच्या कडेने क्षारांचे पांढरे केस उगवलेले. शेजारच्या रंग नसलेल्या गिलाव्यावर बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं, पोकळ आवाज आला. बागानची ही चित्रं अजिंठ्यासारखीच सुक्या गिलाव्यावर काढलेली आहेत. रंग चुन्यात मुरलेला नसतो, डिंकासारख्या पदार्थाने वर धरून ठेवलेला असतो. म्हणून ओला बोळा फिरवला तर क्षारांबरोबर चित्रही निघून येतं.

कारण वर होतं. गच्चीवर चढायला पर्यटकांना मनाई आहे. आमच्याकडे परवानगी होती, तरी एका वेळी एकानेच जायचं आणि पाय भिंतीच्या माथ्यावर ठेवायचा, कमानीच्या मध्यावर नव्हे. बागानच्या कमानी खऱ्या कमानी आहेत. विटांच्या सपाट बाजू एकमेकींना भिडवून कमानीचे पातळ काप एकापुढे एक लावलेले असतात. दोन कापांना धरून ठेवते ती मातीच, त्यामुळे आधीच हादरलेल्या कमानीवर मध्येच वजन पडलं की काप सुटू शकतो.

वर आधीच्या एका दुरुस्तीत सिमेंटचा थर घातलेला होता. गळती थांबवायला सिमेंट घालावंसं वाटतं हे मी समजू शकतो, पण इथे ते घातकच आहे. वीट आणि सांध्यातली माती पाणी पिऊन परत हवेत सोडतात. सिमेंट सोडत नाही, आणि उन्हापावसात त्याला काठाशी केसाएवढ्या चिरा पडतात. चिरेतून गेलेलं पाणी वर येऊ शकत नाही, मग ते खाली चित्राकडे वाट काढतं आणि जाताना सिमेंटमधले क्षार घेऊन जातं. भरीला पाणी वाहून जायचं तोंड माती आणि पानांनी बुजलेलं होतं, आणि त्या मातीत पिंपळाचं हातभर रोप.

रोप उपटलं नाही. मुळं विटांच्या सांध्यात शिरलेली असतात, ओढलं की वीट उचलली जाते. ते बुडाशी कापलं. तोंड बांबूच्या कामटीने मोकळं केलं, दोन घमेली माती निघाली. सिमेंटला त्या दिवशी छिन्नी लावली नाही, कारण वरच्या ठोक्यांनी खालचा फुगा गळून पडला असता. बांबूचा उतरता मांडव करून त्यावर ताडपत्री बांधली. ताडपत्री आणि गच्ची यांत वीतभर जागा सोडली. थेट अंथरली तर तिच्याखाली वाफ धरते आणि भिंत वाळतच नाही.

दुपारी ऊजींच्या घरून भात आणि पोन-ये-जी आलं. कुळीथ शिजवून, आंबवून, आटवून केलेला हा काळपट गोळा बागानची खासियत आहे, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि कांदा. कुळथाचं कळण खाल्लेल्या माणसाला ही चव ओळखीची वाटते.

नंतर फुग्याला आधार दिला. ओल्या भिंतीवर पातळ कागद चिकटवता येत नाही, म्हणून सरळ टेकू. चित्राला लागून सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, त्यामागे बोटभर जाडीचा मऊ फोम, मग 12 मिलिमीटरची प्लायवूड आणि जमिनीपासून तिरका बांबू. बांबू ठोकून घट्ट करायचा नाही. फोम जेमतेम दबला की थांबायचं, जास्त दाबलं तर आतली भुसभुशीत माती चुरडते आणि फुगा तिथेच फुटतो. भिंतीला श्वास मिळावा म्हणून फळी फुग्यापेक्षा चारच बोटं मोठी ठेवली.

निघण्यापूर्वी खालच्या उघड्या विटांवर ओलीची कड खडूने आखली आणि पाऊस झाला की पाण्याचं तोंड बघायला ऊजींना सांगितलं. महिन्याभराने त्यांच्या नातवाने फोनवर फोटो पाठवला. खडूच्या रेघेपासून ओल वीतभर आत सरकली होती. सिमेंट काढायला आम्ही जानेवारीत घेतलं, भिंत पूर्ण वाळल्यावर.